वीस गोळ्यांचा हिशेब

आम्ही दोघे आते-मामेभाऊ. धनजला एकाच अंगणात वाढलो, दोघांनीही मराठीत एम. ए. केले आणि आता वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठीच शिकवतो. आमच्या आठवणी इतक्या सरमिसळ झाल्या आहेत की, त्या ‘आम्ही’ म्हणूनच सांगाव्या लागतात. त्यांतली ही एक, आम्हां दोघांनाही फारशी शोभा न देणारी.

1998 साली धनज नुकतेच अकोला जिल्ह्यातून नव्या वाशीम जिल्ह्यात गेले होते. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाने भाड्याचा व्हीसीआर आणून ‘बॉर्डर’ दाखवला. जे. पी. दत्तांचा हा चित्रपट आदल्याच वर्षी प्रदर्शित झाला होता. अवघे गाव सतरंज्या घेऊन जमले. पडद्यावर लोंगेवालाची रात्र पेटली, सनी देओल गरजू लागला, आणि आमच्या मागे बसलेले हवालदारकाका हळू आवाजात मोजू लागले. “सतरा... अठरा... एकोणीस... वीस.” मग जरा मोठ्याने, “वीस झाल्या ना बाबू. आता याले मॅगझीन बदलाव लागते.” नायकाने मॅगझीन काही बदलले नाही. पोरे खो खो हसली. काकांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

हवालदारकाका महार रेजिमेंटमधून निवृत्त होऊन आले होते. या रेजिमेंटच्या बोधचिन्हातच दोन विकर्स मशीनगन एकमेकींना छेद देऊन उभ्या आहेत. काकांच्या ओसरीत खुंटीला टांगलेल्या टोपीवर ते चिन्ह आम्ही रोज पाहत होतो. पण आमच्या लेखी बंदूक म्हणजे दिवाळीतली टिकल्यांची, नाहीतर पडद्यावरची. दोन्हींत गोळ्या कधी संपत नसत. (टिकल्या संपत, पण तोंडाने ‘ढिशांव’ म्हणायला कोण अडवणार?)

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही एक प्रहसन बसवले. एकाने मिशी लावली, दुसरा खांद्यावर लाकडी बंदूक घेऊन मंचभर धावला आणि मिशीवाला त्याच्या मागे मोजत फिरला. गावाने पात्र तत्काळ ओळखले. हशा असा झाला की, पुढचे संवाद ऐकूच आले नाहीत. काका तिसऱ्या रांगेत होते. त्यांच्या मुलीचा नाच होता. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वाटेत गाठून म्हणाले, “चांगलं केलं लेकहो. पन तू अठरानंतर एकदम वीस म्हनला. एकोनीस राह्यली.” आम्हाला तेव्हा तोही विनोदच वाटला.

त्या एकोणिसाव्या गोळीचा अर्थ कळायला आम्हाला दहा-अकरा वर्षे लागली. एका उन्हाळ्याच्या सुटीत ओसरीवर बसलो असता काकांनी आपणहून विषय काढला. 1987 ते 1990 या काळात भारताची शांतिसेना श्रीलंकेत होती आणि काका तिच्यात होते. आपल्या जवानांच्या हाती 7.62 मिलिमीटरची एसएलआर: चार किलोहून अधिक वजन, मॅगझीनमध्ये वीस गोळ्या, चाप एकदा ओढला की एकच गोळी. समोरच्यांकडे एके-47: तीस गोळ्या, आणि चाप दाबून धरला तर सुटतच राहणाऱ्या. “त्याच्या तीस, आपल्या वीस,” काका म्हणाले, “मंग मोजल्याशिवाय कसं भागन? खाली रायफल म्हनजे काठीच.” एवढेच. पुढे त्यांनी काही सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. आम्ही वाक्य शोधत होतो. मराठीचे दोन प्राध्यापक, आणि एक साधी क्षमा मागण्याचे वाक्य जुळवता आले नाही.

काकांच्या युद्धावर तोवर हिंदीत नाव घ्यावा असा चित्रपट नव्हता. ‘मद्रास कॅफे’ आला तो 2013 मध्ये. पडद्याला बंदुकीचा आवाज हवा असतो, तिच्या गोळ्यांचा हिशेब नको असतो. आणि हिशेब केवळ गोळ्यांचाच चुकतो असेही नाही. ‘बॉर्डर’मध्ये सुनील शेट्टीने रंगवलेला भैरोंसिंह लढता लढता मरतो. प्रत्यक्षातले भैरोंसिंह राठोड लोंगेवालाहून जिवंत परतले आणि डिसेंबर 2022 मध्ये जोधपूरला वारले. म्हणजे स्वतःचे हौतात्म्य पाहून हा माणूस पंचवीस वर्षे जगला. या गोष्टीवर कादंबरी व्हायला हवी होती, असे आम्हाला अनेकदा वाटते.

विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ शिकवताना हे सारे हटकून आठवते. कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने निघालेला हा भिक्षुक 1858 मध्ये झाशीच्या वेढ्यात सापडला. त्याच्या वर्णनात शौर्य आहे, परंतु त्याहून अधिक आहे ती लपलेल्या माणसांची तहान, लूट, आणि जळत्या शहराचा वास. शस्त्र चालवणाऱ्यापेक्षा शस्त्राच्या समोर असलेल्याची ती भाषा आहे. आपली बाकी शस्त्रभाषा बहुतेक उसनी: तोफ तुर्की, बंदूक अरबी, काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगीज. ‘चाप’ मात्र संस्कृत, आणि त्याचा मूळ अर्थ धनुष्य.

गेल्या वर्षी आमच्यापैकी एकाच्या वर्गात याच पुस्तकावरून बोलणे एसएलआरपर्यंत गेले. “वीस गोळ्या,” आम्ही म्हणालो. मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा उभा राहिला. “नाही सर, दहा. एकेएममध्ये तीस असतात, एसएलआरमध्ये दहाच. वीस पाहिजे असल्या तर मोठं मॅगझीन शोधाव लागते.” तो मोबाइलवरच्या बीजीएमआय या खेळाबद्दल बोलत होता आणि त्या खेळापुरते त्याचे बरोबर होते.

आम्ही पुन्हा म्हणालो, “वीस.”

मुलाने आमच्याकडे प्रथमच थोड्या आदराने पाहिले. “सर, तुम्ही पण खेळता?”