चोर्ल्याच्या घाटातून जुन्या गोव्यास

नोव्हेंबर २०२४ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनास आम्ही बेळगावहून पायी निघालो. अंथरुणास खिळलेल्या मातोश्रींस वाटेतील दृश्ये घरबसल्या दाखवू, असे वचन दिले होते.

छातीवर २०११ सालचा गोप्रो हिरो-२ कॅमेरा बांधला होता. २०१२ च्या हिरो-३ पासून वाय-फाय कॅमेऱ्यातच आले; आमच्या जुन्या यंत्रात ते नसल्याने तोशिबाचे फ्लॅशएअर कार्ड घातले. हे कार्ड स्वतःच वाय-फाय निर्माण करते. मोबाईल त्यास जोडून जवळ धरला की छायाचित्रे चटकन उतरतात. चलचित्रांस मात्र फार वेळ लागतो.

घाट उतरून साखळी, डिचोलीवरून आम्ही नार्व्यास आलो व फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेलो. मांडवीपलीकडे से कॅथेड्रलचा एकुलता मनोरा दिसला. त्याचा जोडीदार १७७६ साली कोसळला. आम्ही चित्र टिपले, पण ते मोबाईलवर उतरण्यापूर्वीच कॅमेरा बंद पडला. कार्ड कॅमेऱ्याच्याच बॅटरीवर चालते, याचे भान आम्हांस राहिले नव्हते. इतक्यात मातोश्रींचा फोन आला, "पोचलात का रे सगळे?" दाखवावयास हाती काहीच नव्हते.

सायंकाळी जुन्या गोव्यात बॅटरी भरली. मूळ चित्र कार्डावर सुरक्षित होते. ते लगेच घरी धाडले. मातोश्रींनी पडद्यावरील मनोऱ्यास बोटे लावून कपाळी क्रुसाची खूण केली, असे धाकट्या बहिणीने कळविले. वचन उशिरा का होईना, पाळले गेले.