बॅटरीचा रोजमेळ

गल्ला मोजल्याविना दुकानाचे दार न लावणारा व्यापारी इन्व्हर्टरच्या बॅटरीचा हिशेब मात्र क्वचितच मांडतो. तालुक्याच्या गावातील एका वयोवृद्ध किराणा व्यापाऱ्यांना २ वर्षांत दुसऱ्यांदा बॅटरी बदलण्याची वेळ आली, तेव्हा माल खोटा असल्याचे सांगून ते जुन्या, घरोब्याच्या विक्रेत्याशी भांडून आले. त्यांच्या मुलाने कागदावर रोजमेळ मांडला आणि निराळेच चित्र समोर आले.

बॅटरी १२ व्होल्टची, १५० ॲम्पिअर-तास क्षमतेची. रोज सलग ३ तास वीज जाई. त्या वेळात दिवे, पंखे, संगणक व वजनकाटा मिळून बॅटरीतून सुमारे ३० ॲम्पिअर प्रवाह घेत. म्हणजे नावे पडले ९० ॲम्पिअर-तास. इन्व्हर्टर बॅटरी भरी १० ॲम्पिअरने. ९० भागिले १०, म्हणजे ९ तास, हा झाला ढोबळ अंदाज. परंतु धान्यात घट धरावी लागते, तशी येथेही धरावी लागते. लेड-ॲसिड बॅटरीत ९० जमा होण्यासाठी सुमारे १०८ भरावे लागतात. वेळ झाला जवळजवळ ११ तास. शिवाय अखेरच्या टप्प्यात प्रवाह मंदावतो, म्हणून पूर्ण भरण्यास त्याहूनही अधिक.

दुकान सकाळी ९ ते रात्री ८ उघडे. वीज नसलेले ३ तास वजा जाता उरले ८. रात्री मेन स्विच बंद करण्याचा शिरस्ता वाडवडिलांपासूनचा. म्हणजे रोज जमा सुमारे ६७ आणि नावे ९०! या तुटीने पूर्ण भरलेली बॅटरीही चौथ्या दिवशी ३ तास पुरत नाही. अर्धवट भरलेल्या स्थितीत दीर्घकाळ राहिल्यास तिच्या प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसते व क्षमता कायमची घटते.

आगीच्या धास्तीने स्विच बंद करणे गैर नव्हते. म्हणून इलेक्ट्रिशियनकडून केवळ इन्व्हर्टरसाठी स्वतंत्र, सुरक्षित लाइन घेतली आणि बॅटरी हवेशीर जागी ठेवली. गेलेली क्षमता परत येणार नव्हती. नवी बॅटरी घ्यावीच लागली. ती घेण्यासाठी वडील स्वतः त्याच विक्रेत्याकडे गेले.

वापरलेल्या ॲम्पिअर-तासांत पाचवा हिस्सा घटीचा मिळवावा, चार्जिंगच्या प्रवाहाने भागावे आणि आलेले तास वीज खरोखर मिळते का, ते पाहावे. दोष कोणाचा, हे त्यानंतर ठरवावे.