खोक्यावरचे शंभर वॅट

स्वस्त होम थिएटर रिसीव्हरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला ‘प्रत्येक वाहिनीस १०० वॅट’ हा दावा आणि त्याच यंत्राच्या पुस्तिकेतील शेवटच्या पानावरचा बारीक मजकूर यांत जे अंतर असते, ते ग्राहकाच्या ध्यानात सहसा पैसे चुकते झाल्यावरच येते. मुळशी तालुक्यातील आणि २०२१ पासून पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या सूस येथे, एका सदनिकेच्या हॉलमध्ये असा रिसीव्हर बसवताना प्रस्तुत लेखकाचा जो ग्रह झाला, तो प्रामुख्याने याच अंतरातून घडला. रिसीव्हर म्हणजे दूरचित्रवाणी संच, सेट-टॉप बॉक्स इत्यादींचे संकेत स्वीकारून, त्यांतील ध्वनीच्या वाहिन्या सुट्या करून आणि वर्धित करून स्पीकरांकडे धाडणारे यंत्र, ५.१ या संज्ञेतील पाच वाहिन्या समोरच्या तीन व मागच्या दोन स्पीकरांच्या, आणि उरलेली एक खर्जासाठीच्या सबवूफरची.

पुस्तिकेनुसार हे १०० वॅट मिळतात ते ६ ओहम रोध असलेल्या स्पीकरवर, केवळ १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर, एकच वाहिनी चालू असताना आणि १० टक्के विकृती, म्हणजे मूळ संकेतात नसलेल्या स्वरांची भेसळ, मान्य केल्यावर. मनुष्याला ऐकू येणाऱ्या २० ते २०,००० हर्ट्झच्या संपूर्ण पट्ट्यात, दोन वाहिन्या एकदम चालवून आणि विकृती एक टक्क्याच्याही आत ठेवून मोजलेला आकडा त्याच पानावर खाली दिलेला होता व तो खोक्यावरील आकड्याच्या जेमतेम निम्मा होता. पाचही वाहिन्या एकाच वेळी चालवल्या तर काय उरते, याविषयी पुस्तिका मौन पाळते. वास्तविक पाचही वाहिन्यांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर एकच असल्याने हाच प्रश्न पहिल्यांदा विचारला जायला हवा. यंत्राच्या पाठीमागील पट्टीवर विजेचा वापर तीनशे वॅटांहून कमी नोंदवलेला होता. ही नोंद प्रमाणित चाचणीतील वापराची असते, कमाल क्षमतेची नव्हे, हे मान्य केले तरी या वर्गातील वर्धक घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेतच घालवतात आणि त्यामुळे पाच गुणिले शंभर हा हिशेब सलग वापरात कोणत्याही अर्थाने जुळत नाही. विक्रेत्याकडे याविषयी विचारणा केली असता ‘सगळ्याच कंपन्या असेच लिहितात’ हे उत्तर मिळाले, आणि खेदाची गोष्ट अशी की ते खोटे नव्हते.

भारतीय ग्राहकाला हा प्रकार नवा नाही. स्वस्त टेपरेकॉर्डर आणि संगणकाच्या स्पीकरांवर मिरवणारे ‘पीएमपीओ’चे हजारो वॅट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्याची पूर्वपीठिका सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत वर्धकांच्या जाहिरातींतील वॅटचे आकडे कसे मोजावेत याचा सरकारी नियम १९७४ पासून आहे. तरीही अनेक वाहिन्यांच्या यंत्रांबाबत त्यात दीर्घकाळ पळवाट राहिली व ती बुजवणारी सुधारणा थेट २०२४ मध्ये झाली, यावरून ही खोड किती चिवट आहे ते दिसते.

असे असूनही यंत्र प्रत्यक्ष सुरू झाल्यावर ही तक्रार बरीचशी बोथट झाली, हे नोंदवणे भाग आहे. शक्ती निम्मी झाली तर ध्वनीची पातळी अवघी ३ डेसिबलने उतरते, आणि कानाला आवाज दुप्पट भासण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. फ्लॅटमधल्या मध्यम आकाराच्या हॉलमध्ये शेजाऱ्यांशी संबंध टिकवून चित्रपट पाहणाऱ्याला बहुतांश वेळ प्रत्येक स्पीकरमागे एखाद-दुसरा वॅटच खर्ची पडतो. खरा अडथळा भिंतींचा निघाला. अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ‘मायव्हान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काँक्रीटच्या भिंतीत मागच्या स्पीकरांसाठी छिद्र पाडणे हे साध्या ड्रिलचे काम नव्हे, आणि अशी गुळगुळीत कठीण भिंत आवाज शोषून न घेता परतवते, त्यामुळे संवाद घुमतात. यंत्रासोबतच्या मायक्रोफोनने स्पीकरांची अंतरे व पातळ्या आपोआप जुळवल्या, परंतु घुमण्यावर त्याचा इलाज फारसा चालला नाही. जाड पडदे आणि सतरंजी यांनी जो फरक पडला तो अधिक होता. सबवूफर प्रत्यक्षाहून बराच दूर असल्याचे मायक्रोफोनने ठरवले, तेही चूक नव्हते, कारण सबवूफरमधील गाळणीमुळे ध्वनीला होणारा विलंब यंत्र अंतराच्या रूपातच मोजते.

अनपेक्षित आनंद दिला तो ‘संत तुकाराम’ने. पुण्याच्या प्रभात कंपनीचा, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा १९३६ चा चित्रपट एकाच ध्वनिपट्टीचा. तेव्हा पाच स्पीकरांना त्यात काम काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि डाव्या-उजव्या वाहिन्यांतील समान आशय मधल्या स्पीकरकडे वळवणारी प्रक्रिया निवडताच विष्णुपंत पागनीसांचा आवाज नेमका पडद्याच्या मध्यातून येऊ लागला आणि उरलेले स्पीकर जवळजवळ गप्प राहिले. वॅटच्या हिशेबाने हा प्रयोग क्षुल्लक होता, परंतु संचाच्या अंगच्या पातळ आवाजाने जे शब्द हरवत होते ते येथे सुटे ऐकू आले.

रिसीव्हर परत करण्यात आला नाही. मात्र असे यंत्र घेऊ इच्छिणाऱ्यांनी दुकानात खोक्यावरील आकडा वाचू नये. ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि किमान दोन वाहिन्या चालू या अटींवरील आकडा मागावा, तो पुस्तिकेत दाखवायला लावावा आणि मगच पैसे द्यावेत.