खिशातले वायसर

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून मी १९९२ साली बी.एस्सी. झालो आणि शेतीविस्ताराच्या नोकरीला लागलो. तेव्हापासून खानदेशातले बांध तुडवतो आहे. आधी साधी सायकल, मग फटफटी, आणि २०२३ पासून बॅटरीवरची सायकल. मोटार २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला की नोंदणी नको, लायसन नको. पारोळा तालुक्यातल्या शिवारांना ती चांगली सोयीची पडते.

पण आपल्याकडचे सराटे आणि बाभळीचे काटे काही मोटार बघून बाजूला होत नाहीत! साधे पंक्चर चाक न काढता निघते. टायरची एक कड उचलायची, ट्यूब बाहेर ओढायची आणि ठिगळ लावायचे. टायर बदलायचा म्हटला की मात्र चाक उतरवावेच लागते, आणि मागच्या चाकाच्या तुंब्यात तर मोटार बसलेली.

२०२४ च्या सप्टेंबरात माझा मागचा टायर पार गुळगुळीत झाला. गावातला पंक्चरवाला पोरगा म्हणाला, "साहेब, त्या मोटारले मी हात लावत नही." मी म्हटले, "अरे, मी विज्ञानाचा पदवीधर. तू नुसता बघत राहा." आणि बाह्या सरसावल्या.

बॅटरी काढून ठेवली. मोटारीच्या वायरीचा जोड, वायर न ताणता, जोडाला धरून सोडवला. १८ नंबरच्या पान्याने दोन्ही नट ढिले केले, चेन उतरवली, चाक बाहेर काढले. नवा टायर चढवला. पोराने हवा भरली आणि नट आवळले. चाक गरागरा फिरले. मी मनात म्हटले, काय अवघड आहे यात?

दोन दिवसांनी कपाशीतले कामगंध सापळे बघायला निघालो होतो. बोंडअळीचे दिवस. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले म्हणून एका शेतकऱ्याचा फोन आला होता. नाल्याच्या चढावर थांबलो, आणि पुन्हा निघताना मोटार चालू करताच कडकन आवाज झाला. उतरून बघतो तो विहिरीच्या रहाटाला दोर गुंडाळावा तशी वायर आसाला गुंडाळून तुटलेली! चार किलोमीटर सायकल ढकलत आणली. फवारणीचा सल्ला द्यायचा तो दिवस गेला, तो गेलाच.

तडक दुकानावर गेलो आणि चार माणसांसमोर पोराला झापले. "नट नीट आवळता येत नाही तुला?" तो खाली मान घालून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही.

संध्याकाळी शर्ट धुवायला टाकताना सौभाग्यवतींनी खिशातून एक लोखंडी चकती काढली. "हे कशाचे हो?"

ते जिभलीचे वायसर होते. हरवू नये म्हणून मीच खिशात टाकलेले.

हे वायसर काय करते, ते सांगतो. बैलगाडीचा आस जागेवर राहतो आणि चाक त्याच्यावर फिरते. इथेही तसेच. पण मोटार चाकाला पुढे रेटते तेव्हा तेवढ्याच जोराने आसाला उलटा पीळ बसतो. आसाच्या दोन बाजू चपट्या असतात आणि वायसरची जिभली चिमट्याच्या खाचेत अडकते, म्हणून आस फिरत नाही. जिभली नसली की नुसत्या नटावर सगळा भार. नट किती आवळला तरी कधीतरी आस फिरतो, आणि वायर तर त्या पोकळ आसातूनच बाहेर आलेली. पुढच्या चाकात मोटार असली तर चाकच निसटून माणूस तोंडावर आपटायचा.

रात्रभर झोप लागली नाही. औषधाच्या डब्यावरचे वाचल्याशिवाय फवारू नका, असे गावोगाव सांगणारा मी. सायकलीसोबत आलेले पुस्तक मात्र पिशवीतून काढलेही नव्हते. सकाळी दुकानावर गेलो, तीच माणसे चहाला यायची वाट पाहिली आणि सगळ्यांदेखत ते वायसर पोराच्या हातावर ठेवले. "चूक माझी होती, बाबा."

"माले माहीत व्हतं, साहेब," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

तो नुसता हसला. चहाचे पैसे मात्र त्याने मला देऊ दिले नाहीत.

धुळ्याहून नवी वायर घालून आणली आणि चाक आम्ही दोघांनी मिळून बसवले. त्यानंतर मोटारीच्या सायकलींना तो बेधडक हात लावतो. त्याची एक युक्ती मला फार आवडली. नवी ट्यूब घालण्याआधी तो कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवतो. मोडून राहिलेला काटा बोटाला लागत नाही, पण कापूस बरोबर अडकतो. वायर आसातून खालच्या बाजूला निघेल असे बघतो, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून मोटारीत उतरत नाही. आणि नट-वायसर ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने एका ॲल्युमिनियमच्या ताटलीत मांडतो.

काम झाले की रिकामी ताटली माझ्यापुढे धरतो आणि म्हणतो, "आते खिसा दाखाडा, साहेब."