गुपचूप केलेली दुरुस्ती

एकदां मूळ गुणपत्रकास धक्का लागूं नये म्हणून आम्ही त्यावर नक्कल ठेवून तींत आंकडे भरून पाहत होतों. क्षणभर मान वळवितांच सहकाऱ्यांनीं नक्कल उचलली, आणि आमची लेखणी मूळ पत्रकावरच चालली. एका मुलाचे गुण बदलले. पुढें आम्हीं ते गुपचूप नीट केले. चूक मात्र कोणास सांगितली नाहीं.

लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यांत कित्येक वर्षें असाच दोष होता. केवळ वाचण्याची मुभा असलेल्या पानावर कोणी लिहूं लागल्यास गाभा त्याची नक्कल करून देई. परंतु नक्कल होणें व तीवर लिहिणें यांमधल्या क्षणीं दुसऱ्या कामानें ती टाकून दिली, तर लेखन मूळ फाईलवर होई. प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं केलेली दुरुस्ती दुसऱ्या जातीच्या यंत्रावर अडचणीची ठरल्यानें मागें घेतली गेली. २०१६ सालीं त्यांनीं तो दोष काढला, तेव्हां अकरा वर्षांपूर्वींचा आपला प्रयत्न वाईट होता, असें दुरुस्तीच्या टिपणांतच लिहून ठेवलें.

तें वाचून आम्ही वर्गासमोर उभे राहिलों व त्या मुलाची क्षमा मागितली. मुलांनो, चूक लपवून केलेली दुरुस्ती अर्धीच होय.