गाळ कोणी काढायचा?

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेला आमचा पुतण्या फराळाचे ताट बाजूला सारून रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसलेला दिसला. चौकशी करता कळले, की 'पायथन' या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी असलेल्या 'नमपाय' नावाच्या गणनसाधनात तो एक लहानशी दुरुस्ती करीत होता. "याचे तुला काय मिळणार?" आम्ही विचारले. "काही नाही, काका. रोज वापरतो, म्हणून करतो."

आम्हांस कुतूहल वाटले. पायथन ही सर्व कामांची भाषा. लाखो आकडे एकेक करून हाताळताना ती मंदावते. म्हणून आकडे संगणकाच्या स्मृतीत सलग मांडावयाचे व सबंध रांगेवर एकाच आज्ञेने क्रिया करावयाची, अशी सोय १९९५ साली जिम ह्युगुनिन यांनी 'न्यूमेरिक'मध्ये केली. पुढे 'नमअ‍ॅरे' हे दुसरे साधन निघाले आणि वापरणाऱ्यांत दोन तट पडले. ट्रॅव्हिस ऑलिफंट या अध्यापकाने दोहोंचा मेळ घालून २००६ साली नमपायची पहिली पूर्ण आवृत्ती दिली. आपल्याकडे प्रभू रामचंद्रन यांनी, जे पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले, 'मायावी' हे त्रिमितीय चित्रणाचे साधन याच वाटेने घडविले. सारे विनामूल्य आणि दुरुस्तीस खुले. २०१९ साली कृष्णविवराचे पहिले चित्र जगाने पाहिले, त्यामागील गणितातही नमपाय होते. त्याच्या विकासासाठी पहिले मोठे अनुदान मात्र २०१७ साली मिळाले. तोवर भार मुख्यतः स्वेच्छेने राबणाऱ्यांवरच होता.

हे ऐकताना आम्हांस गावचा तलाव आठवला. वैनगंगेच्या खोऱ्यातील तो मालगुजारी तलाव. पाणी सर्वांच्या धानाला, आणि उन्हाळ्यात गाळ उपसावयास घरटी एक माणूस. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जाणे न्याय्यच होते. परंतु तलाव सरकारजमा होताच 'आता आपला काय संबंध' असे म्हणून आमच्या घरानेही फावडे खाली ठेवले. पाणी मात्र आम्ही घेतच राहिलो. आज ते होळीपर्यंतही टिकत नाही.

सकाळी पुतण्याने आपले काम दाखविले. पावसाच्या नोंदीत एखादी जागा रिकामी असली तर सरासरीचे काय होते, याचा खुलासा करणारी चार वाक्ये! "एवढ्यासाठी रात्र जागलास?"

"काका, कोणीतरी असाच अडला असेल." मग खिडकीबाहेर पाहत त्याने सहज विचारले, "आपल्या तलावाचा गाळ हल्ली कोण काढते?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. या वैशाखात ते शोधावयाचे आहे. घरात फावडे अजून आहे.