नातीचा वाढदिवस आणि आमच्या रानातली ग्रहमाला

आज हरभऱ्याची नोंद नाही, दुसरंच काम काढलंय. १७ जानेवारी २०२६, शनिवारी नातीला नऊ वर्षं पूर्ण होतात. तिला वाढदिवस 'अंतराळाचा' पाहिजे. चांद्रयान उतरलेलं तिनं शाळेत टीव्हीवर बघितलं, तवापासून हेच डोक्यात.

पोरानं तालुक्याला विचारलं. काळा पडदा, चंदेरी फुगे, पुठ्ठ्याचं रॉकेट, १२ हजार. औंदा सोयाबीन ज्या भावानं गेलं ते तुम्हाला सांगायला नको. तीन क्विंटल माल दोन तासांच्या फुग्यात घालायचा का? नाही म्हणणं सोपं होतं, पण लेकरू मागतंय ते काय वाईट मागत नाही. सून म्हणाली, "मामा, येळवशीला अर्धं गाव रानात जेवतं, मग वाढदिवस रानात का नको?" तिथून गाडी रुळावर आली.

नातीच्या पुस्तकातले आकडे घेऊन हिशोब मांडला. सूर्य एक मीटरचा धरला. १६ एमएमच्या जुन्या लॅटरलचा ३.१४ मीटरचा तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकं जॉइनरनं जोडायची, बरोबर मीटरभराचं कडं होतं. त्याच्यावर पिवळी जुनी साडी ताणायची. आता या मापानं पृथ्वी केवढी? ९ मिलिमीटर. म्हणजे डॉलर हरभऱ्याचा एक दाणा! आणि तो ठेवायचा सूर्यापासून १०७ मीटरवर. मी दोनदा गणित केलं, तेवढंच आलं. शुक्र पण डॉलर हरभराच, ७८ मीटरवर. बुध ज्वारीचा दाणा, ४२ मीटरवर. मंगळ तुरीचा दाणा, १६४ मीटरवर. आमचा पट्टा लांबीला १८० मीटर, त्यामुळे मंगळापर्यंत सगळं आमच्याच सातबाऱ्यात बसतं.

चंद्र म्हणजे बाजरीचा दाणा. पृथ्वीच्या हरभऱ्यापासून वीत आणि तीन बोटं, बस. तेवढं अंतर तोडायला चांद्रयान-३ ला ४० दिवस लागले. १४ जुलै २०२३ ला निघालं, २३ ऑगस्टला उतरलं. हे नातीला सांगितलं तर ती वीत लावून मोजतच बसली. फुग्यांच्या पडद्यात हे कळलं नसतं.

अडचण पुढं आली. गुरू म्हणजे १० सेंटिमीटर, चांगला सोललेला नारळ, ५६० मीटरवर. ती जागा पडते चुलतभावाच्या हरभऱ्यात. बांधावरून आमचं तीन वर्षं बोलणं बंद आहे. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक ते इथं लिहीत नाही, तुमच्या प्रत्येकाच्या गावात एक तरी असा बांध आहे. दिशा बदलली तर गुरू दुसऱ्याच्या उसात जातो, तिथं पोरं न्यायची नाहीत. आणि त्यांचा नातू आमच्या नातीच्याच वर्गात. त्याला बोलवायचं आणि त्याच्या आज्याच्या रानाला वळसा घालायचा, हे काही बरं दिसत नव्हतं.

परवा सकाळी गेलो. ते मोटरीजवळ बसले होते. म्हणलं, "आप्पा, एक नारळ ठेवायचाय तुमच्या रानात." त्यांना वाटलं काहीतरी उतारा आहे. सगळं समजावून सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "गुरू माझ्याकडं आला म्हणायचा. ठेव. पण पोरं बांधानंच आण, घाटे भरायलेत." चहा काही झाला नाही. पण नारळ मी आणू नये, ते देणार आहेत.

शनी मोठी मोसंबी, वीतभर पुठ्ठ्याचं कडं घालून, एक किलोमीटरवर नाल्याच्या पुलावर. युरेनस आणि नेपच्यून दोन लिंबं. एक दोन किलोमीटरवर, दुसरं सव्वातीन, म्हणजे पार फाट्यावर. तिथं पोरगा मोटारसायकलवर लिंबू घेऊन उभा राहील आणि फोटो पाठवील. सूर्याच्या सगळ्यात जवळचा दुसरा तारा मांडायला मात्र जागाच नाही, तो या मापानं जवळपास २९ हजार किलोमीटरवर जातो.

अंधार पडला की केक, हुरडा आणि आभाळ. दुसऱ्या दिवशी अमावास्या, म्हणजे चांदणं आडवं येत नाही. खरा गुरू पूर्वेला ठळक दिसेल, शनी पश्चिमेला. मृग तर समोरच. जूनमध्ये आपण 'मृग लागला' म्हणतो तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून पेरणीच्या दिवसांत मृग रात्री दिसत नाही. तो बघायचा तो या दिवसांत. तीन ताऱ्यांचा बाण आधी दाखवायचा, त्याच रेषेत खाली व्याध, वर रोहिणी, पुढं कृत्तिका. आपल्या लेकरांना नक्षत्रांची नावं कॅलेंडरमुळं ठाऊक आहेत, ती आभाळात कुठं आहेत ते दाखवायला पाहिजे.

पोरं बावीस, त्यात सालगड्याची दोन. विहिरीवर जाळी टाकून घेतली. चार मोठी माणसं बॅटऱ्या घेऊन बांधावर राहतील. त्या आठवड्यात लाईटची पाळी रात्रीची आहे, म्हणून मोटरीजवळचा बल्ब तेवढा काढून ठेवायचा. आभाळ आलं तर मात्र दोन्हीकडून नुकसान, तारे पण जातील आणि हरभऱ्यावर घाटेअळी वाढेल. फेरोमोन सापळे आजच लावले.